डोंगर दिसेलच असं नाही

इंदुरात बोअर कुठेही मारा, रामबागेत मारा की लोकमान्य नगरात, वरची काळी माती आणि मुरूम संपला की मशीनचा आवाज बदलतो. खाली काळा पत्थर लागलेला असतो. हा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. आख्खं माळव्याचं पठार त्याच्यावर बसलंय. तरीही ज्वालामुखी म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. महूपलीकडच्या जानापावच्या डोंगराला लोक ज्वालामुखीचं तोंड म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला जाणारेही तेच सांगतात. पण दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. पातळ असल्यामुळे तो दूरवर पसरला आणि थरावर थर चढत गेले. चित्रातल्यासारखा शंकू त्याने उभा केला नाही.

शंकू पाहायचा तर दूर जावं लागतं, आणि आजकाल इंदूरची बरीच मंडळी जातातही. मुलगा ह्यूस्टनला असतो नाहीतर लेक-जावई डॅलसला. चार-सहा महिन्यांच्या मुक्कामात मुलं म्हणतात, "आई, बाबा, चला आठवडाभर कोस्टारिकाला जाऊन येऊ. चार तासांचं विमान आहे. ज्वालामुखीच्या पायथ्याशी जंगलात लाकडी लॉज घेतोय." बेत उत्तम आहे. पण मध्य अमेरिकेतल्या या देशातल्या आरेनाल ज्वालामुखीला जाऊन आलेल्यांपैकी निम्मे हरखून परततात आणि निम्मे कुरकुरत, आणि यात नशिबाचा भाग आपण समजतो त्याहून कमी असतो. अपेक्षा काय धरली, खोली कोणत्या बाजूची घेतली आणि सकाळी किती वाजता उठलात, बहुतेक गोष्टी यावरच ठरतात.

अपेक्षेपासून सुरुवात करू. आरेनालचा डोंगर सुमारे १,६७० मीटर उंच आणि अगदी रेखीव शंकूचा. कित्येक शतकं तो निजलेला होता. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तो साधा डोंगर वाटे. २९ जुलै १९६८ रोजी तो पश्चिमेच्या अंगाने फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गेली, ऐंशीच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर तो जवळपास अखंड धगधगत राहिला, थेट २०१० पर्यंत. त्या चार दशकांत रात्री लालबुंद दगड उतारावरून गडगडत खाली येताना दिसत आणि ते पाहायला जगभरातून माणसं येत. ते फोटो आजही जाहिरातींत आणि लॉजच्या स्वागतकक्षात लावलेले असतात, त्यामुळे येणाऱ्याला वाटतं की आपल्यालाही ते दिसणार. दिसणार नाही. २०१० पासून लाव्हा बंद आहे. रात्री लाव्हा दाखवायला नेतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो तुम्हाला काळोख दाखवणार आहे.

त्या धगधगत्या काळातही जवळ जाणं हा खेळ नव्हता. ऑगस्ट २००० मध्ये तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतारावरून खाली आला, त्यात पर्यटक आणि त्यांचा वाटाड्या सापडून दगावले. शिखरावर चढायला आजही बंदी आहे. शेजारचा चातो हा विझलेला डोंगर आहे. त्याच्या मुखात तळं आहे, पण ती वाटही अधिकृतरीत्या बंद आहे. गावात कोणीतरी हळूच येऊन "मी नेतो" म्हणतो, तेव्हा नको म्हणावं. चिखल गुडघाभर, उतार खडा, आणि पाय मुरगळला तर उचलून आणायला यंत्रणा नाही.

मग जायचं कशाला? लाव्हाने जमिनीचं, पाण्याचं आणि झाडांचं जे केलं ते बघायला, आणि डोंगरासमोर बसायला. लॉज त्यासाठीच असतं. आरेनाल ऑब्झर्व्हेटरी लॉज हे तिथलं सगळ्यांत जाणतं ठिकाण. ते हॉटेल म्हणून बांधलेलंच नव्हतं. १९८७ साली स्मिथसोनियन संस्था आणि कोस्टारिका विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना ज्वालामुखीवर नजर ठेवता यावी म्हणून ते उभं राहिलं. डोंगरापासून अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये आग्वा कालिएंते नदीची खोल दरी. खाली येणारा माल दरीत पडावा, इमारतीपर्यंत पोचू नये, हा जागा निवडण्यामागचा विचार. म्हणजे लॉज डोंगराच्या दक्षिणेला, एका धारेवर आहे. जुन्या लाकडी खोल्या, पायवाटा, पक्षी बघायचा सज्जा, सगळं डोंगराकडे तोंड करून. याखेरीज पायथ्याच्या ला फोर्तुना गावापासून आरेनालच्या मोठ्या तळ्यापर्यंत छोटी-मोठी लाकडी लॉजं पुष्कळ आहेत. निवडताना विचारायचे प्रश्न मात्र सगळीकडे सारखेच.

'व्होल्कॅनो व्ह्यू' हे दोन शब्द पाहून पैसे भरू नयेत. आवाराच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून डोंगर दिसतो, एवढ्यावरही ते लिहिलेले असतात. लेखी विचारावं: पलंगावरून दिसतो की व्हरांड्यातून? मध्ये झाड आहे का? खोली तळमजल्याची की पायऱ्या चढून? रात्री वाहत्या पावसात पायऱ्या चढणं सत्तरीतल्या गुडघ्यांना जड जातं, आणि या लॉजांत जेवणघर नेमकं वरच्या टप्प्यावर आणि खोल्या खाली असतात. एसी नसेल तर घाबरू नका. सातशे मीटरच्या वर रात्री हवा अठरा-वीस अंशांवर येते, पातळ रजई लागते. पंखा मात्र हवाच. गरम होतं म्हणून नाही, ओल उडावी म्हणून.

रात्री किती काढाव्या? किमान तीन. कॅरिबियन समुद्रावरून सतत येणारे वारे ओल घेऊन येतात. जमीन चढली की ते वर उचलले जातात, थंड होतात आणि ढग नेमका शिखरावर बसतो. एकटा उभा शंकू म्हणजे ढगाला आयता खुंटाच. पहाटे जमीन तापलेली नसते, म्हणून साडेपाच ते आठ ही वेळ त्यातल्या त्यात खात्रीची. नऊनंतर टोपी चढायला लागते, दुपारी पाऊस येतो, संध्याकाळी कधीकधी पुन्हा अर्धा तास उघडतं. एकच रात्र राहून सकाळी नऊला सावकाश नाश्ता करून बाहेर बघणाऱ्याला ढगच मिळतो, आणि मग इंदुरात येऊन तो सांगतो की तिथे काही नाही. तीन रात्री म्हणजे तीन पहाटा. त्यातल्या दोन ढगात गेल्या तरी एक हाती लागण्याची आशा धरता येते. ढग नसेल ती सकाळ फोटोंत घालवू नये. दोन फोटो काढावेत आणि खुर्ची ओढून बसावं. पश्चिमेच्या उतारावर करडे, उघडे पट्टे दिसतात, त्या लाव्हाच्या वाटा. पूर्वेकडची बाजू हिरवीगार आहे, स्फोट तिकडे झालाच नाही. एकाच डोंगराच्या दोन बाजूंचं वय वेगळं आहे, हे समोरून स्पष्ट दिसतं.

पाऊस किती, हे आपल्या मापाने सांगायला हवं. इंदुरात वर्षाचा पाऊस साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. आरेनालच्या बाजूला साडेतीन ते पाच हजार, बारा महिने विभागलेला. कोस्टारिकात डिसेंबर ते एप्रिल कोरडा ऋतू म्हणतात, तो प्रशांत महासागराच्या बाजूसाठी खरा. आरेनाल डोंगररांगेच्या अलीकडच्या, कॅरिबियन उतारावर आहे. इथे 'कोरडा' म्हणजे कमी ओला. फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांत बरा. आपली मंडळी मुलांकडे बहुधा मे ते सप्टेंबर असतात, म्हणजे ऐन पावसात. तेव्हाही जावं, पण रोजचा कार्यक्रम दुपारी बाराच्या आत आटपायचा असं ठरवून.

पोचायचं कसं, हे थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिजिटर व्हिसा असेल तर कोस्टारिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसाची मुदत किती शिल्लक हवी याचे नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहावं. परतीचं तिकीट दाखवावं लागतं. आणि मुलांचा स्वतःचा व्हिसा-स्टॅम्प संपलेला असेल, नुसते कागद चालू असतील, तर त्यांनी देशाबाहेर पडण्याआधी वकिलाला विचारावं. आई-बाबा परत आत येतात आणि मुलगा विमानतळावर अडकतो, असलं त्रांगडं नको.

राजधानी सान होसेहून ला फोर्तुना मोटारीने तीन-साडेतीन तास. गाडी भाड्याने घेताना ऑनलाइन दिसणारा भाव खरा नसतो. त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो बहुधा काउंटरवर जोडला जातो, कधी मूळ भाड्याइतकाच. आधीच ईमेलवर 'सगळं धरून' आकडा मागवावा. गाडी उंच चाकांची घ्यावी, कारण लॉजचे शेवटचे काही किलोमीटर खडीचे असू शकतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंधारात घाट चढू नये. दहा अंश उत्तर अक्षांशावर बारा महिने संध्याकाळी साडेसहाच्या आत अंधार पडतो, धुकं उतरतं, रस्त्याला कड नसते. दुपारी दोनला उतरणाऱ्या विमानाने येऊन त्याच दिवशी लॉज गाठायचा हट्ट धरू नका, सान होसे किंवा आलाहुएलात एक रात्र काढा. पत्ते आपल्या इंदूरसारखे असतात: बडा गणपतीच्या पुढे, डाव्या हाताला, पानाच्या टपरीसमोर. तिथे 'चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, मग शंभर पश्चिमेला'. स्थानिक लोक वेझ हे रस्ता दाखवणारं ॲप वापरतात, तुम्हीही तेच वापरा. निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

आता खोलीत शिरू. खरी गंमत आणि खऱ्या तक्रारी इथेच आहेत.

साधी लाकडी खोली जमिनीपासून उचललेली असते, खालून वारा जावा आणि वाळवी लवकर दिसावी म्हणून. छप्पर पत्र्याचं, पुढे हातभर ओसरलेलं. खिडकीला काचेच्या पट्ट्या आणि बारीक जाळी. पत्र्यावर तिथला पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. हलकी झोप असणाऱ्यांनी कापसाचे बोळे न्यावेत. पाल चुकचुकते, ती खोलीत असणं चांगलं, डास आणि पतंग तीच खाते. बूट बाहेर ठेवू नयेत. आत ठेवले तरी सकाळी उलटे करून आपटून मगच घालावेत, कारण विंचवाला ओलसर काळोखी जागा आवडते. टॉवेल जमिनीवर पडलेला असेल तर तोही झटकावा.

न्हाणीघरातला शॉवर हा वेगळाच प्रकार. गीझर नसतो. शॉवरच्या प्लॅस्टिकच्या डोक्यातच तापणारी तार बसवलेली असते आणि भिंतीतून आलेल्या दोन वायरी तिला जोडलेल्या दिसतात. ते पाहूनच आपल्याकडचे लोक आंघोळ रद्द करतात. नीट बसवलेला असेल तर तो चालतो, फक्त त्याची रीत समजली पाहिजे. पाण्याच्या दाबाने आतला पडदा उचलला जातो, तेव्हा वीज जोडली जाते. म्हणजे नळ अगदी बारीक सोडला तर तार तापतच नाही, गार पाणी येतं. भसकन पूर्ण सोडला तर तापायला वेळच मिळत नाही, कोमट येतं. आधी पूर्ण उघडायचा, वीज लागल्याचा गुंऽऽ आवाज आला आणि दिव्याचा उजेड किंचित मंदावला की हळूहळू कमी करत यायचं. धार बोटाएवढी बारीक पण अखंड राहिली की पाणी कढत होतं. वर कमी-जास्तचा खटका असतो, तो पाणी बंद असतानाच फिरवायचा. ओल्या हाताने शॉवरच्या डोक्याला हात लावायचा नाही. वायर उघडी किंवा काळवंडलेली दिसली तर खोली बदलून मागायची, तिथे भिडस्तपणा करू नये. अंगाला झिणझिण्या आल्या तर लगेच बाहेर.

शौचालयात कागद टाकायचा नाही. सांडपाण्याचे नळ अरुंद असतात, मागे सेप्टिक टाकी असते. शेजारी झाकणाची कुंडी ठेवलेली असते, कागद तिच्यात. अमेरिकेत वाढलेली नातवंडं हे विसरतात आणि मग रात्री दहाला खोलीत पाणी चढतं. जेट असेलच असं नाही, लहान तांब्या बरोबर न्यावा.

ओल ही तिथली खरी यजमान. सुती पंचा पहिल्या दिवशी भिजला की निघेपर्यंत वाळत नाही. जीन्स तर विसराच. पातळ सिंथेटिक कपडे, दोन-तीन जोड, आणि पाच मीटर नायलॉनची दोरी. कपडे व्हरांड्यात टाकले तर रात्रीत अधिक ओले होतात. पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता टाकावे. चामड्याचा पट्टा, चामड्याची चप्पल चार दिवसांत हिरवी होते. कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरू शकते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घट्ट डब्यात घालून रात्री कॅमेरा त्यातच. मोटारीच्या एसीतून उतरून लगेच दुर्बीण डोळ्याला लावली तर काचेवर वाफ धरते आणि तेवढ्यात टूकान पक्षी उडून जातो. बॅगेत बंदच ठेवून वीस मिनिटं थांबा, मग काढा. आणि शेव. रतलामी असो की लौंगवाली, पुडा उघडल्यावर तासाभरात ती मऊ होते, पोह्यांवर घालायच्या लायकीची राहत नाही. छोट्या छोट्या सीलबंद पुड्या न्या, एका वेळी एक फोडा.

खायच्या वस्तू खोलीत उघड्या ठेवल्या की मुंग्या येतात. त्याहून पुढचा पाहुणा म्हणजे कोआती, तिथे त्याला पिसोते म्हणतात. लांब नाक, पट्टेरी शेपूट उभी धरून चालणारा. व्हरांड्यात ठेवलेल्या बॅगेची चेन तो उघडतो. पोरं कौतुकाने बिस्किट टाकतात, ते टाकू देऊ नये. एकदा माणसाचं खाणं कळलं की तो हाताला चावायलाही कमी करत नाही. खोलीत इलेक्ट्रिक कॉइल लावून वरणभात शिजवायचा विचारही सोडा. घर लाकडाचं आहे.

आणि उपाशी राहायची वेळ येत नाही. सकाळी गाल्यो पिंतो मिळतो: काल उरलेला भात, काळा घेवडा त्याच्या पाण्यासकट, कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर, आणि लिझानो नावाचा आंबटगोड सॉस. फोडणीच्या भाताच्या सवयीच्या माणसाला तो लगेच आवडतो. शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हटलं की बऱ्याचजणांच्या मनात गाईचं मांस येतं, कोंबडी आणि हॅम त्यात धरले जात नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन' असं सगळं एका दमात म्हणायचं. घेवड्याला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते, म्हणून 'मान्तेका दे सेर्दो?' हेही विचारायचं. दुपारच्या कासादो थाळीत भात, घेवडा, कोशिंबीर आणि तळलेली पिकली केळी असतात. मांसाच्या जागी चीज मागितलं तर देतात. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं असतं.

कॉफी मात्र मन लावून बघावी. लाकडी घोडीवर तारेच्या कड्यात अडकवलेली कापडी पिशवी, खाली मग. मध्यम जाड दळलेली कॉफी, कपाला दोन भरलेले चमचे. पाणी उकळी येऊन अर्धा मिनिट बसलेलं. आधी थोडंसं ओतून पूड फुगू द्यायची, मग बारीक धारेने गोल गोल. घाई केली तर पाणी कडेने निसटतं आणि कॉफी पचपचीत होते. पिशवी साबणाने कधीच धुवायची नाही, वास पुढच्या शंभर कपांत उतरतो. नुसत्या पाण्याने खळबळून वाऱ्यावर टांगायची. बरोबर गूळ असतो, तापा दे दुल्से नावाचा, ढेपेच्या आकाराचा. तो गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून पितात. चहा म्हणून जे मिळतं त्याला इंदुरात कोणी चहा म्हणणार नाही. आपली पत्ती आणि वेलदोडे न्या.

पहाटे साडेचार-पाचला जंगलातून जो आवाज येतो, त्याने नवखा माणूस पलंगावरून उठून बसतो. तो वाघ नव्हे, हाउलर माकड. तिथे त्याला काँगो म्हणतात. आकार आपल्या वानराहून लहान, पण घशातलं हाड पोकळ आणि फुगीर असल्यामुळे आवाज दोन-चार किलोमीटर जातो. हा आवाज म्हणजे उठायची वेळ. तेव्हा इंदुरात संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात. वेळेचा फरक साडेअकरा तासांचा आहे, घरी फोन करायलाही ती सोयीची.

सकाळची पहिली दोन तासांची फेरी वाटाड्याबरोबरच करावी, यात काटकसर नको. आपल्याला जिथे नुसती पानं दिसतात तिथे त्याला बोटाएवढा पिवळा साप दिसतो. पापणीसारखे खवले असलेला हा घोणसवर्गातला साप फांदीवर गुंडाळून बसतो, म्हणून कठड्याला न बघता हात लावायचा नाही. जमिनीवरचा तेर्सियोपेलो हा विषारी साप वाळल्या पानांत मिसळून जातो. रबरी गमबूट हा त्यावरचा जुना उपाय, लॉजं ते वापरायला देतात, मोठ्या मापाचं मिळेलच असं नाही. सर्पविषावरचा उतारा देशातच तयार होतो, कोस्टारिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत. पण तो दवाखान्यात असतो, खिशात नव्हे. तेव्हा वाट सोडायची नाही. एक दिलासा: सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेल्यांना जळवांची धास्ती असते. तसल्या पायाला चिकटणाऱ्या जळवा इथल्या वाटांवर नसतात. त्यांची कसर लॉजच्या गवतावर बसणाऱ्यांकडून चिगर नावाचे बारीक किडे काढतात. कमरेभोवती आणि मोज्यांच्या कडेला आठवडाभर खाज. हिरवळीवर सतरंजी न टाकता खुर्चीवर बसा.

राष्ट्रीय उद्यानात दोन वाटा जरूर चालाव्यात. लास कोलादास ही वाट १९९२ च्या लाव्हाच्या प्रवाहापर्यंत जाते. तिथे ठोकळेच्या ठोकळे रचलेले दिसतात. हा लाव्हा आपल्या माळव्यातल्यासारखा पातळ नव्हता, त्यात सिलिका जास्त, म्हणून तो घट्ट आणि सावकाश चालणारा. पृष्ठभाग थंड होऊन तडकायचा आणि आतला ढकलत राहायचा, त्यामुळे असा ढिगारा. म्हणूनच तो दूर न जाता जागच्या जागी शंकू चढवत गेला. त्या दगडांच्या फटींत नेचे आणि ऑर्किड आलेत, कडेला माणसाहून उंच गवत, आणि मागे कोवळी झाडं. दुसरी वाट एल सेइबो, शंभरेक पावलांतच अंधारते. तिथला सेइबा, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचाच जातभाई, शेकडो वर्षांचा आहे. त्याच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटलेत, त्यांच्यामागे माणूस उभा राहिला तर दिसत नाही. इतक्या पावसात अन्नद्रव्यं धुऊन खाली जातात, कस वरच्या थरातच राहतो. म्हणून मुळं खोल न जाता पसरतात, आणि एवढं ओझं तोलायला हे पंख लागतात. कापूस-सोयाबीनच्या काळ्या मातीत भेगा बघितलेल्या माणसाला ही भुसभुशीत, कधी न तडकणारी राखेची माती हातात घेऊन बघावीशी वाटते.

लाव्हाच्या वाटेवरून खाली तळं दिसतं, सुमारे पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचं. सुंदर आहे, पण नैसर्गिक नाही. म्हणजे छोटं तळं पूर्वी होतं, १९७९ साली विजेसाठी धरण बांधून ते कितीतरी वाढवलं. जुनं आरेनाल आणि त्रोनादोरा ही गावं पाण्याखाली गेली, माणसं वर हलवली. इंदिरा सागरात २००४ साली हरसूद गेलेलं ज्यांना आठवतं, त्यांना त्या निळ्या पाण्याकडे नुसतं निसर्गदृश्य म्हणून बघता येणार नाही. याच तळ्यातून होडीने पलीकडे जाऊन मोंतेवेर्देच्या मेघवनात पोचता येतं, दोन्हीकडच्या गाडीसकट तीनेक तासांत. रस्त्याने वळसा घातला तर वेळ तेवढाच किंवा जास्त, आणि पाठ दुखते ती वेगळी.

गरम पाण्याचे झरे हा मुलांचा आवडता कार्यक्रम. पावसाचं पाणी खोल झिरपतं, डोंगराच्या उष्णतेने तापतं आणि ताबाकोन नदीतून वाहतं. पैसे देऊन जायच्या बागाही आहेत आणि रस्त्याच्या कडेला फुकटची नदीही. फुकटच्या जागी अंधारात जाऊ नये, मोटारीत सामान ठेवू नये. वरच्या डोंगरात पाऊस चालू असेल तर पाण्यात उतरूच नये. खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं दिसू लागली की सामान न आवरता काठ चढायचा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दहा-पंधरा मिनिटांवर बसू नये आणि झटक्यात उठू नये. साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस पाण्यात दगडासारखा जड होतो. सिंथेटिक लेगिंग आणि टी-शर्ट बरा. पायात घट्ट बसणारे पाण्यातले बूट हवेत, कारण दगड शेवाळलेले असतात. ला फोर्तुनाचा सत्तर मीटरचा धबधबाही सुरेख, पण खाली जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत वर. वरच्या सज्ज्यावरून तो पूर्ण दिसतो. आजी-आजोबांनी तिथेच थांबावं, त्यात कमीपणा नाही.

निघायच्या आदल्या दुपारी बूट धुवायला घ्या, शेवटच्या सकाळी नाही. अमेरिकेत परत शिरताना माती, बिया, रोपं यांची चौकशी होते. तळव्याच्या खाचांत चिखल दिसला तर बूट काढून घेऊन धुवायला लावतात आणि मागे विमान सुटायची वेळ होते. जुन्या टूथब्रशने खाचा साफ करायच्या, नाडी आणि आतला तळवा काढून वेगळा वाळवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोनदा बदलायचे. पंख्यासमोर आडवे ठेवले तर सकाळपर्यंत नव्वद टक्के काम होतं. ओल राहिलीच तर बूट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपड्यांपासून दूर. लाव्हाचा खडा खिशात टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पण उद्यानातून दगड उचलायला मनाई आहे. मॅकेडेमियाचे कच्चे दाणे किंवा फुलांचे कंदही नकोत. बंद पाकिटातली भाजलेली कॉफी मात्र खुशाल आणा आणि अमेरिकेत शिरताना तसं सांगा.